इमानाची सुई

आजाराची भीती वाटते, हे कोणालाही समजेल. पण मागे काही महिने मला भीतीचीच भीती वाटत होती, आणि तो प्रकार आजाराहून जड होता. मी लातूरचा. उभा जन्म अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवण्यात गेला. निवृत्तीनंतर जरा निवांत बसावं म्हटलं, तर एका मूत्रपिंडात कॅन्सर निघाला. मूत्रपिंड काढलं. सगळं संपलं असं वाटत असतानाच पुढच्या तपासणीत फुफ्फुसात ठिपके दिसले. मग नांदेडच्या एका दवाखान्यात इम्युनोथेरपी सुरू झाली. हे औषध कॅन्सरला थेट मारत नाही. आपल्याच शरीरातल्या लढणाऱ्या पेशींना कॅन्सरने जो ब्रेक लावलेला असतो तो सोडवतं, आणि मग त्या पेशी आपलं काम करतात. हा धडा मी वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलेला. आता ती आकृती माझ्याच छातीत होती.

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला मी डॉक्टरीणबाईंना एक प्रश्न विचारला. मनावरच्या ताणाचा ह्या औषधावर काही परिणाम होतो का? त्या वयाने लहान, पण बोलणं तोलूनमापून. म्हणाल्या की जे रुग्ण सुरुवातीपासून फार खचलेले असतात त्यांच्यात औषध थोडं कमी लागू पडत असावं, असं काही ठिकाणी दिसून आलंय. मात्र अजून छातीठोकपणे काही सांगता येत नाही, तेव्हा तुम्ही ह्याचा घोर लावून घेऊ नका. विद्यार्थी जसे प्रश्नाचा पहिला अर्धा भाग वाचून उत्तर लिहायला घेतात, तसं मी त्यांचं पहिलं वाक्य घरी घेऊन आलो आणि उरलेलं तिथेच सोडून आलो. त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात एकच हिशेब. मी घाबरलो तर औषध चालणार नाही. औषध चाललं नाही तर मी मरणार. म्हणजे घाबरलो तर मरणार, आणि हे कळल्यावर माणूस घाबरणार नाही तर काय करणार?

आमच्या लातुरात कुठल्याही संकटावर एकच उतारा असतो: वेळापत्रक. पोराला कमी मार्क पडले, वेळापत्रक. जास्त पडले, तर आणखी कडक वेळापत्रक. मी आनंदाचं वेळापत्रक केलं. पहाटे हास्यक्लब, मग प्राणायाम, न्याहारीनंतर विनोदी मालिका, दुपारी नामस्मरण, संध्याकाळी फेरफटका आणि झोपण्यापूर्वी चांगले विचार. हास्यक्लबात हात वर करून हा-हा-हा करताना मी इतका मन लावून हसायचो की बाकीची मंडळी माझ्याकडे बघून खरोखर हसायची. अंथरुणावर पडलो की दिवसभराची झाडाझडती सुरू व्हायची. दुपारी साडेतीनच्या सुमारास मन जरा खाली गेलं होतं. का गेलं? आता पेशी काय म्हणत असतील? असं म्हणत कूस बदलत राहायचो, आणि झोप म्हणजे पळालेली गाय, दावं घेऊन मागे लागावं तितकी पुढे.

घरानेही मला साथ दिली, हीच पंचाईत झाली. नातेवाइकांचे फोन यायचे ते एकच पालुपद घेऊन, पॉझिटिव्ह राहा. कोणाच्या घरचं दुःख माझ्या कानावर पडू नये म्हणून बायको फोन घेऊन गच्चीवर जायची. बातम्या बंद. गंभीर चेहऱ्याच्या पाहुण्यांना परस्पर वाटेला लावलं जायचं. ती स्वतः माझ्यासमोर सदा हसतमुख. फक्त जेवणात मला एक बदल जाणवला होता. कांद्याची भाजी, कांद्याचं पिठलं, कांद्याची थालीपीठं, वरून तोंडी लावायला कांदा. पथ्यात कांदा चालतो का असं मी विचारलं, तर म्हणाली, चालतो, भरपूर चालतो. मला वाटलं, असेल, कांद्यातही काहीतरी गुण असेल.

देवापुढे बसायचो तेही परीक्षेला बसल्यासारखा. माळेगावचा खंडोबा आमचं कुलदैवत. लहानपणी यात्रेत घोडे, उंट, गाढवं बघायला वडिलांच्या खांद्यावर बसून गेलो तो माझा देव. पुढे शिकलो, शिकवलं, आणि देव देव्हाऱ्यात राहिला, मी प्रयोगशाळेत. भांडण असं नव्हतं, येणंजाणं कमी झालं होतं इतकंच. आता आजारपणात रोज त्याच्यापुढे बसायचो. ओठांवर नाव, आणि मन मात्र आपण शांत झालो का हे तपासत बसलेलं. श्रद्धा आहे की नुसती गरज आहे, हेही माझं मला कळेना. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला देवाचीही भीती वाटू लागली होती. वाटायचं, तो वरून पेपर तपासतोय आणि माझी उत्तरं पाठ केलेली आहेत हे त्याला दिसतंय.

दसरा झाल्यावरच्या फेरीला माझी मोठी बहीण आमच्याबरोबर आली. तिला आम्ही अक्का म्हणतो. अक्काचं सासर माळेगावच्या अलीकडच्या खेड्यात, नांदेडच्या वाटेवरच. गाडी बायको चालवते आणि मी शेजारी बसून सूचना देतो. त्यातली एकही तिने आजवर ऐकलेली नाही. फाट्यावर अक्का उभीच होती. गाडीत बसल्याबसल्या तिने पदराची गाठ सोडली आणि माळेगावहून आणलेला भंडारा माझ्या कपाळावर असा चोपडला की माझ्या सदऱ्याचा रंग बदलला. मग समाधानाने मागे टेकून विचारलं, "आज पुन्हा इमानाची सुई हाय ना?"

आधी मला कळलंच नाही. मग उलगडा झाला. बायकोने फोनवर तिला औषधाचं नाव सांगितलं होतं. अक्काने इम्युनोचं इमान ऐकलं, आणि गावभर झालं की बापूला इमानाची सुई चालू हाय. बापू म्हणजे मी. मी जन्माचा मास्तर, मला चूक दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. म्हटलं, अक्का, इमान नव्हे, इम्युनो. इम्युनिटी म्हणजे रोगप्रतिकारशक्ती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, तेच म्हनून राहिले मी, इमान. बायकोला हसू आवरेना. मी मात्र हसलो नाही, आणि तेव्हा वेळापत्रकाप्रमाणे हसायची वेळ होती. तो शब्द मला नेमका लागला होता. अक्काच्या चुकीत माझी सगळी भीती आली होती. ही सुई इमान असलेल्यालाच लागू पडते, आणि माझ्यापाशी तेच नाही. विष्णुपुरी आली, मागे पडली, गोदावरीचं पाणी दिसलं, तरी तोच शब्द डोक्यात घोळत होता.

दवाखान्यात औषध देण्याची एक मोठी खोली आहे. आरामखुर्च्या मांडलेल्या, प्रत्येकीशेजारी सलाईनचा स्टँड. माझ्या हातात सुई गेली, बाटली लागली, आणि मी कानात हेडफोन घालून विनोदी कार्यक्रम लावला. औषध अंगात जाताना तरी मन प्रसन्न हवं, हा माझा सर्वांत कडक नियम. बायको आणि अक्का बाजूच्या बाकावर बसल्या. शेजारच्या खुर्चीत साठीच्या एक बाई होत्या. बुरख्याचा नकाब मागे टाकलेला, नाकात चमकी, अंगाने काटकुळ्या, पण आवाज असा की खोलीच्या दुसऱ्या टोकाची पेंग उडावी. सिस्टर त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत होत्या. नांदेडच्या जुन्या वस्तीत त्यांच्या घरचं बांगड्यांचं दुकान आहे, हे मला आपोआप कळलं, कारण त्या कोणाला ना कोणाला सुनावतच होत्या. एसी फार गार म्हणून एकदा, बंद केला तर उकडतं म्हणून एकदा. चहा पाण्यासारखा. सुना कामाच्या नाहीत. शहरातले रस्ते बघायला नकोत. आणि ही सुई टोचणारी पोरगी तर पक्की वैरीण. सिस्टर हसत होत्या, म्हणजे हे रोजचंच असणार. मी हेडफोनचा आवाज वाढवला आणि ओठ ताणून हसत राहिलो.

थोड्या वेळाने लक्षात आलं की त्या माझ्याकडेच टक लावून बघतायत. मी हेडफोन काढला. त्यांनी काळजीने विचारलं, "भाई, तुमकू दांत दुखते क्या?"

मी ताणलेले ओठ आवरून घेतले. अक्का मात्र अशा वेळी मागे राहणारी नाही. तिने पुढे सरकून सगळं सांगून टाकलं. हा माझा भाऊ, ह्याला इमानाची सुई चालू हाय, ह्या सुईत खुश राहावं लागतं, न्हाई राहिलं तर सुई लागत न्हाई, म्हणून हा सकाळपासून हसून राहिला. दोघींची बोली वेगळी, पण मराठवाड्यात त्याने कोणाचं अडत नाही. खालाने बोटाने स्वतःच्या बाटलीकडे दाखवलं, मग माझ्या बाटलीकडे. औषध एकच होतं. मग त्या म्हणाल्या की त्या पहिल्या दिवसापासून रडतायत, भांडतायत, मरते मरते म्हणून घर डोक्यावर घेतायत. हसल्या अशा एकदाही नाहीत, हसण्यासारखं आहे काय ह्यात? "और मेरी गाठ आधी हो गई. डॉक्टरनी खुद बोली. अब बोलो."

मी मास्तर खरा. एका उदाहरणावरून नियम बनत नाही, हे मी पोरांना शेकडो वेळा सांगितलंय. ते तेव्हाही मला आठवलं. पण आठवलं आणि पाण्यात टाकलेल्या मिठासारखं कुठे विरलं ते कळलं नाही. मी चाचरत म्हणालो की तुमची श्रद्धा मोठी असेल, तुमच्यात ईमान असेल. तो शब्द माझ्या तोंडून का निघाला मला माहीत नाही. त्यांच्याकडे तो फार मोठा शब्द आहे. खाला पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. "ईमान तो घटता-बढता रहता, भाई. आज हाय, कल जरा कम हाय. उसके वास्ते अल्लाह दवा थोडी रोक के रखता?" आणि मग सरळ माझ्या डोळ्यांत बघून, जसं घरच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "डर लगता?"

नाही म्हणायची मला सवय लागली होती. 'ना' ओठावर आलासुद्धा. पण बोललो ते वेगळंच. म्हणालो, लगता, बहोत लगता. आणि मला रडू फुटलं. साधं डोळे पुसण्याइतकं नाही, खांदे हलवणारं, नाक वाहणारं. ज्या वेळी मन प्रसन्न ठेवायचं, औषधाचा थेंब न् थेंब अंगात जात असताना, नेमका त्याच वेळी मी लहान पोरासारखा रडत होतो. त्याही अवस्थेत मी घाबरून वर बाटलीकडे पाहिलं, जणू आता ती थांबणार. थेंब पडतच होते. मघाशी जितके पडत होते तितकेच, त्याच चालीने. त्यांना माझ्या रडण्याचं काही देणंघेणं नव्हतं. मी कितीतरी वेळ त्या थेंबांकडे बघत होतो. आजवर देवळात मी अनेकदा डोळे मिटून उभा राहिलो असेन, पण आपण कोणाच्या तरी हातात आहोत असं मला त्या खुर्चीत, डोळे उघडे असताना वाटलं. ह्यापेक्षा जास्त मला त्याबद्दल सांगता येत नाही.

बायको माझा हात धरायला आली आणि तिचाही बांध फुटला. रडतारडता म्हणाली, रडा हो, रडा, कांदे चिरून चिरून माझ्या बोटांचा वास जात नाही आता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढा जीवशास्त्राचा मास्तर, आणि घरात इतका कांदा का लागतो हे मला कळलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे, आणि आम्ही दोघं रडतारडताच हसू लागलो. ते हसणं वेळापत्रकात नव्हतं. सिस्टर धावत आली, काय होतंय विचारू लागली, तर खालाने तिलाच दटावलं की दिखता नै क्या, भाई ठीक हो रै.

अक्का उठून जवळ आली. तिने पदराने माझं तोंड पुसलं, त्याबरोबर कपाळावरचा भंडारा गालावर आला. मग म्हणाली, "बापू, इमान तू राखायचं असं म्या कवा म्हनले? बैल इमानी असतो, मालक न्हाई. सुई इमानी हाय. तू हस न्हाईतर रड, ती तुला सोडत न्हाई. आपला मल्हारी बी तसाच हाय."

खालाची बाटली आधी संपली. न्यायला आलेल्या मुलाला उशीर का झाला म्हणून चार शब्द ऐकवत त्या उठल्या. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, रो लेना भाई, फिर चाय पी लेना, इथली नको, बाहेरची पी, असं सांगितलं आणि भांडतभांडत निघून गेल्या.

परत येताना आम्ही माळेगावला थांबलो. यात्रा अजून लांब होती. मैदान मोकळं, देवळात तुरळक माणसं. एरवी देवापुढे माझी मागण्यांची लांबलचक यादी असते आणि प्रत्येक मागणीच्या शेवटी आपण तिला पात्र कसे आहोत त्याचा खुलासा. त्या दिवशी मी हात जोडले आणि मनात म्हणालो, मला भीती वाटते. विश्वास किती आहे तेही मला नीट ठाऊक नाही. आता तूच बघ. एवढंच. अक्काने येळकोट येळकोट जय मल्हार म्हणत भंडारा उधळला तो निम्मा माझ्या डोळ्यांत गेला. पुढे अक्काला तिच्या फाट्यावर सोडलं आणि मी गाडीत जो झोपलो तो थेट लातूरला उठलो. एकही सूचना न ऐकता गाडी चालवायला मिळाली, इतका सुखाचा प्रवास लग्नानंतर पहिलाच, असं बायको अजून सांगते.

वेळापत्रक त्या दिवशी गेलं ते गेलं. म्हणजे मी मनाची काळजी घेणं सोडलं असं नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी मला तिथल्याच एका समुपदेशकांकडे पाठवलं, आणि त्या बोलण्याचाही मला मोठा उपयोग झाला. संध्याकाळी फिरतो, कारण आवडतं. भीती वाटली की बायकोला सांगतो, ती तिची सांगते, मग दोघं मिळून कोणाची मोठी ते ठरवतो. हास्यक्लबातली मंडळी विचारतात, का येत नाही. त्यांना सांगितलं, आता घरीच होतं.

मग मोठी तपासणी झाली. अहवाल घ्यायला गेलो तेव्हा मला भीती वाटत होती, आणि मी ती वाटू दिली. काही ठिपके दिसेनासे झाले होते, बरेच आक्रसले होते, एक मात्र हट्टी, होता तिथेच. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर समाधान होतं. औषध काम करतंय, चालू ठेवू, म्हणाल्या. मी विचारलं, मन हलकं झालं त्याचा हा गुण असेल का? त्या हसल्या. म्हणाल्या, ते मला सांगता येणार नाही, पण तुम्हाला झोप येते आणि वजन वाढलंय, हे मला दिसतंय. औषधाने झालं, मन मोकळं झाल्याने झालं की खंडोबाने केलं, ह्यावर आमच्या घरात तीन पक्ष आहेत. मी तिन्हींकडे जेवतो.

खाला पुन्हा भेटल्या नाहीत. सिस्टरला विचारलं, तर म्हणाली, त्यांचा वार बदललाय, आता दुसऱ्या वारी येतात, आणि त्या वाराच्या सिस्टरांचं आता काही खरं नाही. तब्येत बरी आहे एवढं कळलं. त्यांना माझे आभार पोचवा म्हटलं, तर सिस्टर म्हणाली, पोचवते, पण त्या त्यावरही काहीतरी बोलतील. बोलोत. इतके दिवस मी देवाने एखादा शांत चेहऱ्याचा माणूस पाठवावा म्हणून वाट बघत होतो. त्याने एसीवरून भांडणारी बाई पाठवली, आणि मला जे ऐकायचं होतं ते तिच्याकडून ऐकवलं. त्याच्या ह्या निवडीबद्दल मी त्याचा जन्माचा ऋणी आहे.

शरण जाणं म्हणजे मन स्वच्छ, शांत करून ते देवापुढे ठेवणं, असं मी समजत होतो. तसं असतं तर माझा नंबर कधी लागलाच नसता. जसं असेल तसं न्यायचं असतं, चिखलाच्या पायांनी घरी आल्यासारखं. पुढची तपासणी आता जवळ आली आहे. त्या हट्टी ठिपक्याचं काय होणार, कोणास ठाऊक. काल संध्याकाळी देवापुढे बसलो आणि त्याला सांगितलं की घाबरलोय. तेवढ्यात आतून जेवायला हाक आली. भाकरी गरम होती, म्हणून लवकर उठलो.